मोरचूद आणि चुन्याचं साटंलोटं

पावसाची झड लागली की वावरपासून मोखाड्यापर्यंत तीच तक्रार: मिरची-वांग्याची रोपं वाफ्यातच बुडाशी कुजून आडवी पडली. ही बुरशी. तिच्यावरचं जुनं औषध म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण. ते १८८५ साली फ्रान्समधल्या द्राक्षबागांतून जगापुढे आलं.

हे दोन एकत्र आले की काय तयार होणार, हे आधीच सांगता येतं. साटंलोटं आठवा. मुलगे आपापल्या घरी राहतात, मुली एकमेकांच्या घरी जातात. मोरचुदात तांबं आणि सल्फेट, विरवलेल्या चुन्यात कॅल्शियम आणि हायड्रॉक्साइड. सल्फेट कॅल्शियमकडे गेलं, त्याचं जिप्सम झालं. हायड्रॉक्साइड तांब्याकडे आलं.

पण कागदावर जोड्या जुळल्या म्हणजे बदल झालाच असं नाही. नव्या जोडीतली एखादी साका होऊन खाली बसली, वायू होऊन उडाली किंवा तिचं पाणी झालं, तरच अदलाबदल खरी. मीठ आणि धुण्याचा सोडा पाण्यात घाला, दोन्ही विरघळलेलेच राहतात, काही घडत नाही. इथे मात्र तांब्याचं हायड्रॉक्साइड विरघळत नाही, निळा साका होतो. तोच रोपाला चिकटून थोडं थोडं तांबं सोडतो आणि बुरशी रुजू देत नाही.

दहा लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना. पाच-पाच लिटर पाण्यात वेगवेगळं भिजवा. चुना विरवून, थंड करून गाळा. मग दोन्ही एकदम तिसऱ्या प्लास्टिकच्या बादलीत ओतत ढवळा. लोखंडी भांडं नको.

आता परीक्षा. घासलेल्या विळ्याचं टोक मिनिटभर बुडवा. लाल थर चढला, तर काही तांबं अजून जोडीविना मोकळं आहे. असं पाणी कोवळी पानं जाळतं. जुना, हवा लागलेला चुना कमी पडतो, तेव्हा असं होतं. चुन्याचं पाणी थोडं थोडं घाला, थर येईनासा झाला की मिश्रण तयार.

ते त्याच दिवशी वाफ्यावर झारीने घाला. पडलेलं रोप यानं उठत नाही, उभी रोपं वाचतात. म्हणून रोग दिसताच हात चालवा. मोरचूद विषारी आहे. हात-तोंड झाका, पोरांना लांब ठेवा, बादली ओहोळात धुऊ नका आणि ती पुन्हा पिण्याच्या पाण्याला वापरू नका.