मिस्त्री, आधी मोजून दाखवा!

मिक्सर बिघडला, शिलाई मशीन अडलं, कुकरची शिट्टी होईना, की आपण बायका सरळ दुकान गाठतो. चार प्रश्न विचारतो, घासाघीस करतो आणि वस्तू दुरुस्त करून घेऊन येतो. पण गाडीचं इंजिन म्हटलं की मात्र नवरा, दीर, भाऊ, नाहीतर शेजारचा मुलगा! गॅरेजात बाई एकटी उभी राहिली तर 'घरचं कोणी माणूस पाठवा ना ताई' हे वाक्य ठरलेलं. आणि ज्या घरात पाठवायला माणूसच उरला नाही, तिथे काय करायचं?

आमच्या बचत गटातल्या एका ताईंवर ही वेळ आली. त्यांचे यजमान छोट्या हत्तीवर भाड्याच्या फेऱ्या करायचे. राजूर घाट उतरून मलकापूर, नाहीतर बोथ्याच्या जंगलातून खामगाव. भाजीपाला, किराणा, लग्नसराईत मांडवाचं सामान. एके दिवशी ते अचानक गेले आणि सेकंड हँड घेतलेली ती गाडी अंगणात उभी राहिली. भाचा गाडी चालवायला तयार होता, पण इंजिन तयार नव्हतं. बुलढाणा पडलं घाटावर. विदर्भात असून इथली हवा थंड. घाटाखालच्या मैत्रिणी मे महिन्यात आमचा हेवा करतात, पण डिसेंबरच्या पहाटे जुन्या डिझेल गाडीला हीच थंडी नडते. गल्लीतली पोरं रोज धक्का मारायची, मागून पांढरा धूर निघायचा आणि गाडी पुन्हा गप्प.

भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. ताई म्हणाल्या, "इकली तर चार महिने खाऊ. मंग?" गटाच्या बैठकीत त्यांनी इंजिनाच्या कामासाठी कर्ज मागितलं. गटातली प्रत्येक पै बायकांनी मजुरीतून, शिवणकामातून टाकलेली. एकीने स्पष्टच विचारलं, "पैसे लावून गाडी नाहीच चालली तर?" प्रश्न रास्त होता. तेव्हा ठरलं, की ताईंबरोबर गटातर्फे मी जायचं आणि काम कशाकशाचं निघतं ते समजून घ्यायचं.

पहिल्या गॅरेजात गाडी पाहताच सांगण्यात आलं, "पुरं इंजिन गेलं. क्रँक, बोअर, हेड, सगळंच नवं टाकावं लागेल." काहीही न उघडता, न मोजता! बोलता बोलता तिथल्या पोराने हीटर प्लगला पाना लावला, पान्याला लांब पाइप अडकवला आणि थंड इंजिनावर जोर दिला. कट्ट आवाज झाला. एक प्लग मोडला. थोड्या वेळाने दुसराही. या इंजिनाला दोनच सिलिंडर, म्हणून प्लगही दोनच. दोन्ही आत मोडून बसले. वर पुन्हा ऐकवलं, "आता तर हेड बदलावंच लागेल."

हा हीटर प्लग म्हणजे नेमकं काय, ते थोडं समजून घेऊ. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी देणारा प्लग असतो. डिझेलमध्ये ठिणगी नसतेच. पिस्टन हवेला वीसेक पटीने दाबतो, त्या दाबाने हवा पाचशे अंशांच्याही वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा उडाला की तो आपोआप पेट घेतो. छोट्या हत्तीच्या जुन्या इंजिनात हा फवारा आधी हेडमधल्या एका लहानशा कप्प्यात उडतो. थंडीत त्या कप्प्याच्या भिंतीच उष्णता शोषून घेतात. म्हणून प्रत्येक कप्प्यात पेन्सिलीसारखा एक प्लग असतो. चावी अर्धी फिरवली की त्याचं टोक काही सेकंदांत लालभडक होतं. डॅशबोर्डवर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागतो तो त्यासाठीच. दिवा विझला की मग स्टार्टर मारायचा.

धूरही बरंच काही सांगतो. सकाळी चालू करताना पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय; हीटर प्लग किंवा कमी झालेला दाब तपासावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर आणि नोझल पाहावेत. ताईंच्या गाडीला सकाळी पांढरा आणि चढावर निळा, असे दोन्ही धूर होते. म्हणजे प्लगही गेलेले आणि पिस्टनच्या रिंगाही झिजलेल्या. कुकरची रिंग सैल झाली की वाफ कशी धरत नाही? तसंच हे.

आम्ही गाडी टोचन करून घाटाखाली खामगावला नेली. तिथले मिस्त्री वयस्कर, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी मोडलेले प्लग पाहिले आणि पहिलं वाक्य बोलले, "बेटी, जल्दी है क्या? जल्दी होगी तो हेड जाएगा." ताई म्हणाल्या, "घाई नाई चाचा. पण काय टाकसाल ते आधी मोजून दाखवा." चाचा हसले आणि त्यांनी आम्हाला बसायला स्टूल दिले.

मग जे पाहिलं ते सांगण्यासारखं आहे. प्लग का अडकतात? वर्षानुवर्षं कोणी ते काढत नाही. टोकाभोवती काजळी जमून दगडासारखी होते, आट्यांना गंज चढतो, कधी जास्त करंट मिळून टोकच फुगतं. दोष गाडीच्या बनावटीचा नव्हता, निगा न राखल्याचा होता. इंजिन खोलायचंच होतं, त्यामुळे हेड काढून टेबलावर घेता आलं. करपलेलं दुधाचं पातेलं आपण लगेच खरवडत नाही, भिजत ठेवतो. चाचांनीही दोन दिवस सकाळ-संध्याकाळ आट्यांवर गंज सोडवणारं ऑइल सोडलं. आतल्या बाजूने टोकाभोवतीची काजळी हळूहळू खरवडून काढली.

पहिल्या प्लगचा थोडा भाग वर दिसत होता. त्यावर एक नट ठेवून वेल्डिंगने जोडला. त्या उष्णतेने आटेही सैल झाले. मग पाना किंचित सोडायचा, किंचित आवळायचा, पुन्हा ऑइल, पुन्हा सोडायचा. एकाच दिशेने जोर नाही. अर्ध्या तासाने प्लग निघाला! दुसरा खोल मोडलेला होता, नट बसायला जागाच नव्हती. तो ड्रिलच्या मशीनवर घेतला. अगदी मधोमध खूण, आधी बारीक छिद्र, मग जरा मोठं, असं करत फक्त पातळ साल उरली. ती सोलून काढली आणि टॅप फिरवून आटे साफ केले. छिद्र जरा तिरकं गेलं असतं तर हेडचे आटे गेले असते. हेड अॅल्युमिनियमचं असेल तर ते आणखी लवकर जातात. टोकाचा तुकडा आतल्या कप्प्यातून काढून चाचांनी ताईंच्या हातावर ठेवला. "ये अंदर रहता तो?" तो राहिला असता तर इंजिन फिरताच पिस्टनवर किंवा व्हॉल्व्हवर आदळला असता आणि नवं काम मातीत गेलं असतं.

त्यानंतर मोजमाप. बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा असा मोजला. सिलिंडर वरच्या भागात जास्त झिजतो आणि गोल न राहता अंडाकृती होतो. ताईंच्या इंजिनाचे दोन्ही सिलिंडर झिजलेले निघाले. त्यांना रिबोअर आणि त्या मापाचे मोठे पिस्टन लागणार हे कागदावर आलं. पण क्रँक? मायक्रोमीटरने मोजला तर मापात! फक्त पॉलिश आणि नवी बेअरिंग पुरे होती. हेडला पाण्याच्या दाबाने तपासलं, तडा नव्हता. पहिल्या गॅरेजच्या यादीतल्या दोन महागड्या वस्तू, क्रँक आणि हेड, अशा मोजण्यातच वाचल्या. गटाच्या कर्जाची रक्कम त्यामुळेच आवाक्यात आली.

इंजिन बांधताना तीन गोष्टी लक्षात राहिल्या. एक, बांधण्याआधी ऑइलची सगळी भोकं धुऊन साफ. भाजी निवडण्याइतक्या निगुतीने. दोन, रिंगांची तोंडं एकाखाली एक येऊ द्यायची नाहीत, नाहीतर दाब तिथूनच निसटतो. तीन, हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तेही टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळायचे. अंथरुणाच्या सुरकुत्या आपण मधून कडेला काढतो ना, तसं. नवे हीटर प्लग दोन्ही एकदम बदलले. आधी हातानेच फिरवले, आट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस लावलं, त्यांना करंट देणारा रिलेही तपासला. डिझेलच्या नळीतली एअर काढली आणि चावी अर्धी फिरवली. दिवा विझला, स्टार्टर मारला, गाडी सुरू झाली. धक्क्याशिवाय! ताई काही बोलल्या नाहीत. पदराने काच पुसत राहिल्या.

हा छोटा हत्ती टाटा मोटर्सने २००५ मध्ये आणला. त्याचं ७०२ सीसीचं इंजिन म्हणजे इंडिका गाडीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं जणू अर्धं रूप. त्याच्या जोरावर गावोगावची कितीतरी घरं चालली. त्याही आधी विहिरीवरचं डिझेल इंजिन म्हटलं की किर्लोस्करांचंच नाव तोंडी यायचं. आणि गंमत पाहा, नांगर-पंप बनवणाऱ्या याच किर्लोस्करवाडीतून १९३० मध्ये 'स्त्री' मासिक सुरू झालं. लोखंडाचा कारखाना आणि बायकांचं मासिक एका आवारात नांदू शकले, तर इंजिन आणि बाई एका गॅरेजात का नांदू नयेत?

आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावीनंतर घेता येतो. आयटीआयच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. दहावी झालेल्या लेकीला शिवणकाम, ब्यूटी पार्लर याबरोबर हाही पर्याय सांगून तर पाहा.

मैत्रिणींनो, पाना प्रत्येकीने हातात घेतलाच पाहिजे असं नाही. पण इंजिन आपलं, पैसा आपला, तर चार गोष्टी आपण मागायच्याच. उघडण्याआधी खर्चाचा आकडा नको, मोजल्यावर हवा. तोही कागदावर. काढलेले जुने पार्ट परत आपल्या ताब्यात. आणि काम झाल्यावर पहिल्या हजारेक किलोमीटरला ओझं कमी, वेग बेताचा आणि मिस्त्री सांगेल तेव्हा ऑइल बदल. ताई या सगळ्याची एक वही गाडीत ठेवतात. कर्जाचे हप्ते त्याच वहीत लिहिलेले आहेत, आणि आजवर एकही चुकलेला नाही.