रेंजची पाहणी

बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेल्या वाशी तालुक्यात, तेरखेडा-पारगावावरून धावणारा सोलापूर-धुळे महामार्ग सोडून आपण एखाद्या वाडीची गाडीवाट धरली, की जमीन घटकेत माळाने उंचावते आणि घटकेत ओढ्याच्या काठी खाली बसते. प्रवाशाला हा चढउतार रम्य वाटतो; मात्र ज्याला शेतात उभे राहून ई-पीक पाहणीची नोंद करावयाची आहे, किंवा रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा टेकवून धान्य उचलावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने हाच भूभाग ‘रेंज आहे’ आणि ‘रेंज नाही’ अशा दोन मुलखांत विभागला गेलेला असतो, आणि त्या दोहोंची हद्द कोणत्याही गाव-नकाशावर आखलेली नसते.

कंपन्यांचे नकाशे अर्थातच आहेत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ साली सेवेच्या गुणवत्तेविषयीचे जे विनियम जारी केले, त्यांत प्रत्येक कंपनीने आपल्या सेवेचा भौगोलिक नकाशा संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा, असे बंधन घातले आहे. त्या नकाशावर वाशीच्या भोवतालचा प्रदेश रंगलेला पाहून समाधान वाटते. परंतु टॉवरची उंची, लहरींची वारंवारता आणि जमिनीचा उतार यांवरून संगणकाने बांधलेला तो अंदाज असतो. कचेरीत बसून ठरविलेल्या नजरअंदाज आणेवारीत आणि बांधावर उभे राहून केलेल्या पंचनाम्यात जेवढे अंतर, तेवढेच येथेही पडते. म्हणून भिन्न कंपन्यांची दोन सिमकार्डे, एक वही आणि पायांतील बळ एवढ्या सामग्रीनिशी पाहणी करणे इष्ट.

हँडसेटच्या कोपऱ्यातील दांड्यांवर, ज्यांना इकडे सर्रास ‘टावर’ म्हणतात, विसंबून चालत नाही. किती शक्तीला किती दांड्या दाखवावयाच्या याचा सर्वमान्य शिरस्ता नाही. प्रत्येक निर्माता आपल्या मर्जीने ते ठरवितो, आणि त्यामुळे एकाच ओट्यावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन फोन दोन निरनिराळ्या साक्षी देतात. खरा आकडा बहुतेक अँड्रॉइड फोनांच्या सेटिंगमध्ये, सिमची स्थिती सांगणाऱ्या पानावर, डीबीएम या एककात मिळतो. तो नेहमी उणे असतो: ४जीच्या बाबतीत उणे ८५च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११०च्या खाली गेला तर सेवा डळमळीत, आणि उणे १२०ला पोहोचला तर ती नसल्यातच जमा. या मोजपट्टीची खुबी अशी, की दहा अंकांची घट म्हणजे शक्तीचा एक-दशांश हिस्साच शिल्लक उरणे. वाचन घेण्यापूर्वी वायफाय बंद करावे, एअरप्लेन मोड एकदा चालू करून पुन्हा बंद करावा आणि मिनिटभर स्तब्ध उभे राहावे; कारण जुन्या टॉवरला चिकटून राहण्याची फोनला मोठी खोड असते.

एका वाडीतील माळवदाच्या घरापुढच्या अंगणात आकडा उणे ८८ होता. दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर सागवानी तुळयांवर पसरलेला मातीचा थर अशा त्या घराच्या माजघरात, उन्हाळ्यात ज्या गारव्याची धनी वाखाणणी करीत होते, त्याच गारव्यात तो उणे ११२ झाला. म्हणजे अंगणातील शक्तीचा सुमारे अडीचशेवा हिस्सा आत पोहोचला. जवळच पत्र्याच्या शेडमधील खव्याच्या भट्टीपाशीही तीच गत होती, आणि तिथला कामगार फोन आला की कढईतले उलथणे दुसऱ्याच्या हाती देऊन चिंचेखाली धावत होता. नकाशातील रंग बहुधा मोकळ्या हवेचा असतो. संसार मात्र घरात असतो.

धन्यांची तक्रार याहून निराळी होती. “साहेब, टावर फुल हाय, पन माझा आवाजच तिकडं जाईना.” तिची उपपत्ती सोपी आहे. टॉवरवरील यंत्रणा साधारण २० ते ४० वॅट शक्तीने बोलते, तर हातातील फोनला जास्तीत जास्त वॅटचा पाचवा हिस्साच लाभतो. तेव्हा टॉवरचे बोलणे आपल्यापर्यंत येते, पण आपले बोलणे परत पोहोचत नाही. फोनवर दिसणारा आकडा फक्त येणाऱ्या लहरीचा असतो. म्हणून आकड्याबरोबर एक कॉल लावून पाहावा, समोरच्याला काय ऐकू आले ते विचारावे आणि तेही वहीत टिपावे. दूरच्या टॉवरपर्यंत ओरडून पोहोचण्याच्या खटाटोपात बॅटरीही भराभर उतरते, ही कुरबूर शेतकरी करतात आणि ती रास्त आहे.

काळाचाही हिशेब ठेवावा लागतो. आठवडे बाजाराच्या दिवशी आकडा उत्तम असूनही नेट चालत नाही, कारण एकाच टॉवरची क्षमता शेकडो ग्राहकांत वाटली जाते. वीज गेल्यावर काही ठिकाणी टॉवरच्या बॅटऱ्या तग धरतात, काही ठिकाणी घटकेत सगळे टॉवर मावळतात. सकाळ, दुपार आणि रात्र अशी तिन्ही वेळची वाचने असल्याखेरीज कोणताही निष्कर्ष काढू नये.

अशी तपशीलवार वही हाताशी असली म्हणजे तक्रारीला वजन येते. ती प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे करावयाची, तिचा क्रमांक जपून ठेवावयाचा, आणि निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावयाचे. नियामक प्राधिकरण स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. “रेंज नाही” एवढेच कळविले तर फोन बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्ला मिळतो. गाव, गट क्रमांक, तारीख, वेळ, आकडा, घराच्या आत की बाहेर, एवढे लिहिले तर निदान कोणाला तरी येऊन पाहणे भाग पडते. धन्यांनी आपल्या माजघराचा तो उणे ११२चा आकडा नातवाकडून कॅलेंडरच्या मागे लिहवून घेतला आणि अपिलाचा पत्ता विचारला.