खानदेशच्या उन्हात गाडी शांत करताना

चालत्या मोटारीत बसलेल्याच्या कानावर पडणारा आवाज चार ठिकाणांहून येतो: इंजिन, टायर, वारा आणि गाडीचा स्वतःचा पत्रा. गावातल्या कमी वेगात इंजिन वरचढ असते. वेग ताशी 50 किलोमीटरच्या पुढे गेला की टायरची घरघर त्याला मागे टाकते आणि शंभरीच्या आसपास आरशांवरून, काचांच्या कडांवरून वाहणारा वारा ऐकू येऊ लागतो. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगाव गाठायला राष्ट्रीय महामार्ग 53 वरून सुमारे 90 किलोमीटर जावे लागते. या प्रवासात डोके उठवते ती टायरची घरघरच. महामार्ग सोडून आतल्या फाट्याला लागले की तिच्यात खडखडाटाची भर पडते. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता वरखाली होत राहतो.

कारखान्यातून निघालेली गाडी अगदीच उघडी नसते. तळाच्या पत्र्यावर डांबरी थर असतो, कार्पेटखाली फेल्ट असते. हे फेल्ट पुष्कळदा कापडाच्या चिंध्या पिंजून बनवलेले असते. कापसाच्या प्रदेशात त्याचे तत्त्व वेगळे सांगायला नको: रुईच्या गंजीशेजारी उभे राहून बोलले तर शब्द विरून जातात, कारण तंतूंमध्ये शिरलेली हवा घासत घासत आपली ऊर्जा गमावते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या 1966 साली स्थापन झालेल्या संस्थेत वाहनांच्या ध्वनी-कंपनांची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. मात्र रस्त्याने जाणाऱ्या गाडीच्या आवाजाची जी चाचणी होते, तिच्यात मायक्रोफोन गाडीच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून 7.5 मीटरवर, म्हणजे बाहेर असतो. आत किती शांतता द्यायची, हे बरेचसे गाडीच्या किमतीवर ठरते आणि स्वस्त गाडीत कात्री पहिल्यांदा इथेच लागते.

आवाज अडवण्याच्या तीन तऱ्हा आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पैसे वाया जातात. पहिली पत्र्याचे कंपन मारण्याची. पितळी ताटाला टिचकी मारली की ते घुमते. त्यावर तळहात टेकवला की नाद जागीच थांबतो. अॅल्युमिनियमचा वर्ख लावलेली, साधारण 2 मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल रबराची डॅम्पिंग शीट तळहाताचेच काम करते. दुसरी तऱ्हा आवाज शोषण्याची. ते काम फेल्ट आणि उघड्या छिद्रांचा फोम करतात. तिसरी आडकाठीची: जड, लवचीक व्हिनाइलचा पडदा. अशा पडद्याचे वजन दुप्पट केले तर तत्त्वतः सुमारे 6 डेसिबल आवाज आणखी अडतो, पण तो सलग हवा. एक फट राहिली तरी आवाज तिथून आत येतो.

खानदेशात मालाची निवड ऊन ठरवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या छताला हात लावता येत नाही. छपराची गळती थांबवायला वापरतात ती डांबरी पट्टी स्वस्त पडते, म्हणून काही जण तीच गाडीत लावतात. अशा तापमानात ती मऊ पडते, दारातल्या उभ्या पत्र्यावरून घसरते आणि बंद गाडीत डांबराचा वास सोडते. इथे ब्यूटाइलच घ्यावे. छताच्या अस्तरामागे मात्र बंद छिद्रांचा फोम लावावा. तो पाणी धरत नाही आणि तापलेल्या पत्र्याची धग आत उतरू देत नाही, त्यामुळे एसीलाही कमी झगडावे लागते.

काम दारापासून सुरू करावे. क्लिपा सांभाळून आतले पॅनेल काढायचे, पाणी अडवणारा प्लास्टिकचा कागद सोडवायचा आणि बाहेरचा पत्रा आतून अल्कोहोलने पुसायचा. धूळ राहिली तर शीट पुढच्या पावसाळ्यात सुटते. मग शीटचे तुकडे पत्र्याच्या मध्यावर चिकटवून छोट्या लोखंडी रोलरने दाबत जायचे. वर्खावरची खडबडीत नक्षी सपाट झाली की शीट बसली असे समजावे. पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते. साधारण 25 ते 30 टक्के भाग पुरतो. बाहेरून बोटाने वाजवले की आधीच्या ‘टण्ण’ऐवजी ‘ठप’ ऐकू येते. दारांनंतर मागच्या चाकांवरचा पत्रा आणि डिकीचा तळ घ्यावा, कारण टायरची घरघर तिथून सरळ आत शिरते. दारांचे जुने, कडक झालेले बीडिंग बदलल्यास वारा आणि धूळ दोन्ही कमी होतात. हे सर्वांत स्वस्त काम बहुतेक जण विसरतात.

सीटखालच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना बॅटरी जोडलेली असताना हात लावू नये. सायलेन्सरच्या वाटेवरचे उष्णतारोधक पत्रे झाकू नयेत. दारात फेल्ट किंवा उघडा फोम भरू नये. तो पाणी पितो आणि पत्रा आतून गंजतो.

आवाज 10 डेसिबलने उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो. काम किती साधले हे पाहायचे तर आधी आणि नंतर एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, टायरमध्ये सारखीच हवा ठेवून मोजावे. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. पहिला पाऊस झाला की ती मोकळी आहेत ना, हे काडी घालून एकदा जरूर पाहावे.