बालन्यायाचा चुकलेला प्रश्न

राज्यसभेने २२ डिसेंबर २०१५ रोजी बालन्याय विधेयक संमत केले. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार प्रकरणातील अल्पवयीन दोषी तीन वर्षांची मुदत संपवून दोनच दिवसांपूर्वी सुटला होता. प्रवर समितीची मागणी मान्य न झाल्याने मार्क्सवादी सदस्यांनी सभात्याग केला. वास्तविक न्या. वर्मा समितीने २०१३ मध्येच वयोमर्यादा घटविण्यास नकार दिला होता; संसदेच्या स्थायी समितीनेही या विधेयकावर प्रतिकूल मत नोंदविले होते. पण जनक्षोभापुढे अहवाल कोण वाचतो?

वयोमर्यादा अठराच राहिली. मात्र किमान सात वर्षे शिक्षेच्या निर्घृण गुन्ह्यात, सोळा पूर्ण केलेल्या मुलाला गुन्ह्याचे परिणाम समजण्याची कुवत होती काय, हे बालन्याय मंडळाने तपासावे, असे कलम १५ सांगते. उत्तर होकारार्थी आले, तर प्रौढाप्रमाणे खटल्याची वाट मोकळी होते.

नेमकी येथेच गफलत आहे. भावना आणि सुखाची ओढ यांच्याशी निगडित मेंदूची केंद्रे पौगंडावस्थेत लवकर जागी होतात. आवेगाला लगाम घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. शांत खोलीत सोळा वर्षांचा मुलगा प्रौढाइतकाच तर्कशुद्ध विचार करतो. मित्रांच्या टोळक्यात, उत्तेजनेच्या क्षणी तोच तोल गमावतो. त्याला समजते, आवरत नाही. कायदा मात्र समजण्याविषयी विचारतो, तेही घटनेनंतर कित्येक आठवड्यांनी!

अर्थात, विज्ञानाची ग्वाही देणाऱ्यांनीही सबुरीने घ्यावे. संशोधन वयोगटाची सरासरी सांगते. एका मुलाचे दायित्व मेंदूच्या छायाचित्रातून ठरत नाही. शिवाय हाच न्याय विशीतल्या आरोपीला का नको, याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल. अठरा ही रेषा मेंदूने नव्हे, समाजाने आखली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही अडचण ओळखली. क्षणिक अपरिपक्वता कोणती आणि पक्की विकृती कोणती, हे तज्ज्ञांनाही सांगणे कठीण, म्हणून अठराखालील सर्वांनाच त्याने फाशीतून वगळले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, मंडळात बालमानसशास्त्राचा वा बालमनोविकारशास्त्राचा पदवीधर नसल्यास मानसतज्ज्ञांचे साह्य अनिवार्य ठरविले. २०२३ मध्ये बालहक्क आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे आली. परीक्षक सुधारले, प्रश्नपत्रिका तीच राहिली. ती बदलण्याचा अधिकार संसदेचा. २०२१ च्या दुरुस्तीतही तिने या कसोटीला हात लावला नाही.