दोन इंटरनेट जोडण्यांवर भाराची वाटणी

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा नियत कालमर्यादेत मिळणे हा नागरिकांचा हक्क ठरला आहे. दाखले, उतारे, शिष्यवृत्तीचे अर्ज यांसारखी अनेक कामे आता इंटरनेटद्वारे होतात. साहजिकच, रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की कामकाज ठप्प होते आणि लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतावे लागते. यावर उपाय म्हणून दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेता येतात. तथापि, दुसरी जोडणी घेतली म्हणजे काम संपले असे नव्हे. वाटणीचे नियम नीट नसतील तर ती नुसती पडून राहते, अथवा नव्या अडचणी निर्माण करते.

नाक्यावरील नियम

कार्यालयातील सर्व संगणकांची वाहतूक ज्या यंत्रातून बाहेर पडते, त्यावर फायरवॉल बसविलेली असते. नाक्यावरील तपासनीसाप्रमाणे ती माहितीचे प्रत्येक पुडके, म्हणजे पॅकेट, तपासते व नियमांनुसार ते सोडते किंवा अडविते. जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.४ मधील ‘नेटफिल्टर’ आणि त्याच वर्षी डिसेंबरात ओपनबीएसडी ३.० सोबत आलेली ‘पीएफ’ या अशाच व्यवस्था होत. कोणते पॅकेट कोणत्या जोडणीने जावे, हे ठरविण्यासही अशा नियमांचा उपयोग होतो.

पॅकेट नव्हे, संवाद

एक पॅकेट पहिल्या जोडणीने व पुढचे दुसरीने पाठवावे, ही कल्पना प्रथमदर्शनी सोपी वाटते; पण ती चालत नाही. प्रत्येक कंपनी कार्यालयाला आपला वेगळा पत्ता देते आणि बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर तोच पत्ता घातला जातो. एकाच संवादातील पॅकेटे दोन पत्त्यांवरून गेली, तर पलीकडील संगणकाला ती दोन अनोळखी व्यक्तींची वाटतात व संवाद तुटतो. म्हणून वाटणी पॅकेटांची नव्हे, तर संवादांची करावयाची असते. संवादाच्या पहिल्या पॅकेटवर १ किंवा २ अशी खूण केली जाते. फायरवॉल ती आपल्या नोंदवहीत ठेवते आणि त्या संवादातील पुढील सर्व पॅकेटांना तीच खूण लावते. प्रत्येक खुणेसाठी मार्गाचा स्वतंत्र तक्ता असतो. उत्तरेही ज्या पत्त्यावरून विचारणा झाली, त्याच जोडणीने परत येतात.

हिश्शांचे गणित

एक जोडणी १०० व दुसरी ५० मेगाबिट वेगाची असेल, तर दर तीन नव्या संवादांपैकी दोन पहिलीकडे व एक दुसरीकडे द्यावा. येथे एक चूक वारंवार घडते. नियम क्रमाने तपासले जातात, त्यामुळे पुढच्या नियमाकडे उरलेलेच संवाद येतात. तीन समान जोडण्या असल्यास पहिल्या नियमात तिसरा हिस्सा, दुसऱ्यात उरलेल्यांपैकी निम्मा आणि तिसऱ्यात उरलेले सर्व, असे लिहावे लागते. तिन्ही ठिकाणी ‘तिसरा हिस्सा’ लिहिल्यास काही संवाद खुणेविनाच राहतात.

बँकेची किंवा शासकीय संकेतस्थळे पुष्कळदा एकामागून एक अनेक संवाद सुरू करतात. मध्येच पत्ता बदलला, तर काही संकेतस्थळे वापरणाऱ्यास बाहेर काढतात आणि अर्धवट भरलेला अर्ज वाया जातो. अशा कामांसाठी एका संगणकाचे सर्व संवाद एकाच जोडणीला बांधून ठेवणे श्रेयस्कर होय.

बंद जोडणीची दखल

जोडणी बंद पडली, तरी नियमांना ते आपोआप कळत नाही. ते आपला हिस्सा बंद वाटेवर पाठवीतच राहतात. कार्यालयातील उपकरणाचा दिवा पेटलेला असूनही पुढे कोठेतरी तार तुटलेली असू शकते. म्हणून दर काही सेकंदांनी प्रत्येक जोडणीतून दूरच्या एखाद्या पत्त्याला हाक देऊन उत्तर येते का हे पाहावे, आणि सतत उत्तर न आल्यास ती जोडणी वाटणीतून वगळावी, अशी तजवीज हवी. त्या जोडणीवर चालू असलेले संवाद तुटतात व पुन्हा सुरू करावे लागतात. नवे मात्र चालू जोडणीने जातात.

अपेक्षा आणि दक्षता

अशा वाटणीने एखादी मोठी फाइल दुप्पट वेगाने उतरत नाही, कारण तिचा संवाद एकाच वाटेने चालतो. लाभ होतो तो एकाच वेळी अनेक जण काम करीत असताना. तसेच दोन कंपन्यांच्या केबली एकाच चरातून किंवा एकाच खांबावरून आल्या असतील, तर एका घावासरशी दोन्ही तुटतील. यास्तव जोडणी मंजूर करण्यापूर्वी तिचा मार्ग विचारावा. आणि व्यवस्था बसविल्यावर आळीपाळीने एकेक तार काढून काम चालू राहते की नाही, याची खात्री करून घ्यावी. ही चाचणी अर्जांच्या अखेरच्या दिवशी नव्हे, तर त्यापूर्वी व्हावयास हवी.