चुकीचा स्पेअर पार्ट आला तर डीलर पैसे परत देतो का?

धाराशिव जिल्ह्यातलं येडशी म्हणजे चौकाचं गाव. सोलापूर-धुळे महामार्ग आणि लातूर-बार्शी रस्ता इथेच एकमेकांना भेटतात. गाड्यांना तोटा नाही, पण कंपनीच्या शोरूममधूनच पार्ट घ्यायचा म्हटलं की बहुतेकांना धाराशिव, लातूर नाहीतर सोलापूरकडे बघावं लागतं.

समजा, इथल्या एका जीपवाल्याची क्लच प्लेट गेली. मेकॅनिकने फोनवर गाडीचं मॉडेल सांगितलं, पैसे ऑनलाइन गेले, दुसऱ्या दिवशी सोलापूरहून पार्सल आलं. खोका उघडला, तर प्लेट बसेना! गाडी जॅकवर आणि रोजचा धंदा बंद. फोन केला तर उत्तर आलं, "बिलावर वाचा, एकदा विकलेला माल परत घेतला जात नाही."

मग पैसे बुडाले का? ते ठरतं एका प्रश्नावर: चूक कोणाची?

मॉडेल एकच असलं तरी पार्ट एकच असतो असं नाही. वर्ष बदललं, व्हेरियंट बदलला की पार्ट बदलू शकतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं तेव्हा तर अनेक गाड्यांचे इंजिनाशी संबंधित पार्ट बदलले. म्हणून काउंटरवर मॉडेलचं नाव पुरत नाही, चेसिस नंबर लागतो. तो १७ अंक-अक्षरांचा असतो आणि आरसीवर छापलेला असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत. त्यामुळे गोल दिसेल ते शून्यच समजायचं. (फोनवर नंबर सांगताना निम्मे घोळ इथेच होतात, त्यापेक्षा आरसीचा फोटो पाठवलेला बरा.)

चेसिस नंबर दिला होता आणि तरीही काउंटरवाल्याने दुसराच पार्ट काढून दिला, तर बाजू ग्राहकाची. वस्तू विक्री कायदा १९३० च्या कलम १५ नुसार वर्णन सांगून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. कलम १६ सांगतं की, ग्राहकाने वस्तू कशासाठी हवी ते सांगितलं, निवड विक्रेत्याच्या जाणकारीवर सोडली आणि विक्रेता त्याच मालाचा व्यापारी असेल, तर वस्तू त्या कामाला योग्य असण्याची अट विक्रीतच धरली जाते. पण पार्ट नंबर ग्राहकाने किंवा त्याच्या मेकॅनिकने स्वतः सांगितला आणि नेमका तोच आला, तर डीलरची चूक नाही. अशा वेळी पैसे परत मागण्याचा थेट हक्क आपल्या कायद्यात नाही. ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते, आपल्याकडे तशी सरसकट सोय नाही. मग डीलरच्या पॉलिसीवर भागवावं लागतं. सीलबंद खोका, लेबल शाबूत आणि बिल सोबत असेल तर अनेक डीलर थोडी रक्कम कापून पार्ट परत घेतात. सेन्सरसारखे इलेक्ट्रिकल पार्ट आणि खास ऑर्डर देऊन मागवलेला माल मात्र सहसा घेत नाहीत.

आता त्या "परत घेतला जात नाही" या ओळीकडे येऊ. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. याच कायद्यात 'दोष' म्हणजे फक्त मोडकी वस्तू नव्हे. करारानुसार जो दर्जा असायला हवा होता त्यातली उणीवही त्यात येते. म्हणजे डीलरनेच चुकीचा पार्ट दिला असेल, तर बिलावर छापलेल्या एका ओळीने त्याची सुटका होत नाही, असं म्हणायला ग्राहकाला भक्कम आधार आहे.

सगळ्यात महागात पडते ती घाई. "बसवून तर बघू" म्हणत मेकॅनिक पार्ट ठोकून बसवतो, त्यावर ओरखडे येतात आणि ग्राहकाने माल स्वीकारला असं म्हणायला डीलर मोकळा होतो. नुसता ठेवून घेऊन वाजवी वेळेत काही कळवलं नाही, तरी तो स्वीकारला असंच धरलं जातं. म्हणून जुना पार्ट आणि नवा पार्ट शेजारी ठेवून फोटो काढायचा, खोक्यावरच्या पार्ट नंबरचाही काढायचा आणि त्याच दिवशी "हा माल स्वीकारत नाही" असा मेसेज डीलरला टाकायचा. योग्य कारणाने माल नाकारला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो परत पोहोचवण्याची जबाबदारीही ग्राहकावर नसते. नाकारल्याचं कळवलं तरी पुरतं, असं १९३० च्याच कायद्याचं कलम ४३ सांगतं. येडशीहून सोलापूरला खेप मारण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

आणखी एक सबब हमखास ऐकू येते: "जीएसटी भरलाय, तो परत मिळणार नाही." बिलात पार्टचे ४,००० आणि १८ टक्क्यांनी जीएसटीचे ७२० असतील, तर वाद या ७२० चा. पण माल परत आल्यावर डीलरला क्रेडिट नोट काढता येते आणि ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत त्याचा कर कमी करून घेता येतो. कच्च्या पावतीवर घेतलेल्या पार्टचं मात्र अवघड होतं, कारण व्यवहार झाला हे सिद्ध करण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

डीलर ऐकतच नसेल तर आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा. तिथे मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते. तेवढ्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. डीलर सोलापूरचा असला तरी येडशीच्या ग्राहकाला धाराशिवलाच तक्रार करता येते, कारण ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. जीप भाड्याने चालते म्हणून "तू ग्राहकच नाहीस" असं कोणी म्हटलं, तर स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून गाडी चालवणारा या कायद्यात ग्राहकच धरला जातो.