दाहजन्य आंत्रविकार : दुर्बिणीच्या जोडीला स्कॅन कशासाठी?

काही वर्षांपूर्वी २६ वर्षांचा एक तरुण क्षारसूत्रासाठी आमच्याकडे आला. भगंदरावर दोनदा शस्त्रकर्म होऊनही व्रण भरला नव्हता. गुदाभोवती तीन मुखे, अधूनमधून द्रवमलप्रवृत्ती आणि वर्षभरात घटलेले वजन. मलप्रवृत्तीकडे आम्ही ग्रहणी म्हणून पाहिले आणि भगंदराकडे स्वतंत्र व्याधी म्हणून. कोलोनोस्कोपीचा अहवाल ‘बृहदंत्र प्राकृत’ असा होता, तेवढ्यावर आम्ही निश्चिंत राहिलो. दुर्बीण लघ्वंत्रात शिरलीच नव्हती, ही त्याच अहवालातील ओळ आम्ही वाचली नाही. पुढे स्कॅन केला तेव्हा लघ्वंत्राच्या अंतिम भागाची भित्ती जाड व मार्ग संकुचित झालेला दिसला, गुदाजवळ न निचरलेला विद्रधीही आढळला. व्याधी क्रोन्सचा होता.

१९३२ साली क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर यांनी या व्याधीचे वर्णन केले ते लघ्वंत्राच्या याच अंतिम भागातील. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदापासून सलग वर चढतो आणि प्रायः श्लेष्मल कलेपुरता राहतो. तेथे दुर्बीण व बायोप्सी यांनी बहुतांश निर्णय होतो. क्रोन्स मात्र मुखापासून गुदापर्यंत कोठेही, मधले भाग सोडून होतो आणि भित्तीचे सर्व थर भेदतो. वरची दुर्बीण ग्रहणीच्या आरंभीच्या भागापर्यंत व खालची लघ्वंत्राच्या शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. मधले कित्येक मीटर आतडे आणि भित्तीबाहेरचे विद्रधी वा नाडीव्रण तिच्या दृष्टीपलीकडे राहतात. उलट स्कॅनमध्ये श्लेष्मल कलेवरील लहान व्रण निसटतात आणि पेशींचा पुरावा मिळत नाही. म्हणून एक तपासणी दुसरीची जागा घेत नाही. कॅप्सूल एन्डोस्कोपी मधला भाग दाखवते खरी, परंतु संकोचात कॅप्सूल अडकू शकते. संकोचाची शंका असल्यास आधी स्कॅन करावा.

सी.टी. त्वरित होतो व विद्रधी चटकन दाखवतो, पण त्यात किरणोत्सर्ग आहे. तरुण रुग्णास वारंवार तपासावे लागत असल्यास एम.आर. एन्टेरोग्राफी श्रेयस्कर. तालुक्याच्या गावी जाणकार सोनोग्राफीतज्ज्ञ असल्यास तोही आधार थोडा नव्हे. आतड्याची भित्ती ३ मि.मी.हून जाड आढळल्यास पुढील तपासणी करावी. तीव्र रक्तातिसार, ज्वर व आध्मान एकत्र असता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. तेथे उदराच्या साध्या एक्स-रेनेही बृहदंत्राचा घातक विस्तार कळतो.

आपल्याकडे आंत्रक्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. लसिकाग्रंथींच्या मध्यभागी कोथ दिसल्यास कल क्षयाकडे जातो, तरी बायोप्सी हवीच. क्षय असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर तो बळावतो. जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइडच्या गोळ्या पुन्हा देणाऱ्या औषधालयचालकांनी हे ध्यानी घ्यावे.

ग्रहणी म्हणजेच क्रोन्स असे समीकरण आम्ही मांडत नाही. मात्र भगंदराची अनेक मुखे, भरून न येणारा व्रण आणि जोडीला जीर्ण अतिसार असे दिसताच क्षारसूत्रापूर्वी श्रोणिभागाचा एम.आर.आय. करावा, असे आमचे ठाम मत झाले आहे. सक्रिय दाहात छेदन करणारे सूत्र व्रण वाढवते, प्रसंगी मलधारणशक्तीही बाधित होते. आमच्या रुग्णाचा विद्रधी शल्यतज्ज्ञांनी निचरा करून केवळ निचऱ्यासाठी सैल सूत्र ठेवले. औषधयोजना पोटविकारतज्ज्ञांनी केली आणि आम्ही पथ्याहारापुरते सोबत राहिलो.

एक व्यावहारिक सूचना. एन्टेरोग्राफीपूर्वी रुग्णास मॅनिटॉलसारखे द्रावण लिटर-दीड लिटर प्यावे लागते आणि त्यानंतर काही तास पातळ मलप्रवृत्ती होते. तो व्याधीचा वेग नव्हे. त्या दिवशी स्तंभनासाठी कुटजघनवटी देण्याची घाई करू नये.